भूल घेण्याआधी श्वासनळीची हकिकत सांगा

ऑपरेशनच्या आधी भूलतज्ज्ञ तपासायला येतात तेव्हा तोंड उघडायला लावतात, जीभ बाहेर काढायला सांगतात, मान मागे करून बघतात, हलणारा दात किंवा कवळी आहे का ते विचारतात. बेशुद्ध केल्यावर या माणसाच्या घशातून श्वासाची नळी सहज जाईल का, याचा अंदाज घेणं चाललेलं असतं. जीभ बाहेर काढल्यावर घशाचा मागचा भाग किती दिसतो यावरून वर्ग पाडण्याची पद्धत आंध्रातून अमेरिकेत गेलेल्या डॉ. शेषगिरी मल्लमपाटी यांनी १९८५ मध्ये मांडली. ती आज जगभर वापरतात. पण ही सगळी तपासणी स्वरयंत्रापाशी येऊन थांबते. त्याच्या खाली छातीत उतरणारी दहा-बारा सेंटिमीटरची श्वासनळी अरुंद झाली आहे, मऊ पडली आहे, की तिच्या आतल्या बाजूला गाठी आल्या आहेत, हे तोंडात डोकावून कुणालाही कळत नाही.

त्याचा पहिला सुगावा लागतो तो रुग्णाच्या हकिकतीतून आणि त्याच्या फायलीतल्या कागदांतून. म्हणून हा लेख रुग्णांसाठी आहे आणि त्याहून जास्त त्यांच्या घरच्यांसाठी. आयसीयूत घशात नळी किती दिवस होती, हे रुग्णाला आठवत नसतं. बाहेरच्या बाकड्यावर बसून ज्याने दिवस काढले, त्याला ते पक्कं आठवतं.

मोठ्या माणसाची श्वासनळी साधारण दीड ते दोन सेंटिमीटर रुंद असते. समोरून आणि बाजूंनी कूर्चेच्या सोळा ते वीस अर्धगोल कड्या तिला उघडी ठेवतात, मागची बाजू मऊ पडद्याची असते. या रुंदीत निसर्गाने इतकी सवलत ठेवली आहे की नळी आठ मिलिमीटरपर्यंत आक्रसली तरी माणूस बसल्या जागी ठणठणीत दिसतो, जिना चढतानाच काय ती धाप लागते. पाच मिलिमीटरच्या आसपास आली की मात्र स्वस्थ बसलेलं असतानाही श्वासाचा आवाज यायला लागतो. म्हणजे ‘थोडी धाप लागते’ आणि ‘श्वास अडतोय’ यांत अंतर आहे अवघं तीन मिलिमीटरचं. सर्दी-खोकल्याची सूज, चिकटलेला कफ, नळी घालताना लागलेला धक्का, यांतलं काहीही ते अंतर खाऊन टाकू शकतं. शिवाय नळीची रुंदी निम्मी झाली की हवेला होणारा अडथळा दुप्पट नव्हे, निदान सोळा पट होतो. ‘दोन वर्षं असंच आहे, आता सवय झाली’ असं रुग्ण सांगतो तेव्हा त्याला धीर वाटत असतो. आम्हा भूलतज्ज्ञांना त्याच वाक्याची धास्ती वाटते.

दम्याच्या नावाखाली लपलेली अरुंद नळी

श्वासनळीचे आजार तसे विरळाच. त्यातल्या त्यात आपल्याकडे जास्त आढळतो तो मागच्या उपचारांतून उरलेला व्रण. कीटकनाशक पोटात गेलेला शेतकरी, दुचाकीवरून पडून डोक्याला मार लागलेला तरुण, मण्यार चावलेली बाई, गिलेन-बारे आजाराचा रुग्ण, हे सगळे आठवडे आठवडे व्हेंटिलेटरवर राहतात. २०२० आणि २०२१ मध्ये त्यांत करोनाच्या रुग्णांची भर पडली. घशातल्या नळीच्या टोकाजवळ एक छोटा फुगा असतो, तो हवा बाजूने निसटू देत नाही. त्याचा दाब पाण्याच्या २० ते ३० सेंटिमीटर उंचीइतका ठेवायचा असतो. तो त्याहून वाढून तसाच राहिला की श्वासनळीच्या आतल्या अस्तराचा रक्तपुरवठा तुटतो आणि जखम होते. जखम भरते, पण भरताना आवळत जाते. हे आवळणं घरी गेल्यानंतर, काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी सुरू होतं आणि नेमका इथेच घोटाळा होतो. रुग्ण घरी परतलेला, आयसीयू मागे पडलेली, नवा डॉक्टर छातीत घरघर ऐकतो, दमा म्हणून पंप लिहून देतो. पंप चालू राहतो, धाप वाढत राहते.

दमा आणि अरुंद श्वासनळी यांतला फरक घरच्या माणसालाही बराचसा कळू शकतो. दम्याची शिट्टी बहुतेक वेळा श्वास सोडताना येते, छातीत येते, आज असते उद्या नसते, पंपाने उतरते. गळ्यातल्या अरुंद जागेचा आवाज श्वास आत घेताना येतो, तो एकसुरी आणि जरा खरखरीत असतो, रात्रंदिवस तसाच राहतो आणि पंपाला दाद देत नाही. रुग्णाला तोंड उघडं ठेवून जोरात, खोल श्वास घ्यायला सांगा आणि आपला कान त्याच्या गळ्याजवळ न्या. आवाज छातीपेक्षा गळ्याशी मोठा येत असेल आणि मागच्या वर्ष-दोन वर्षांत त्याच्या घशात नळी घातलेली असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञ किंवा छातीचे डॉक्टर यांना गाठा आणि व्हेंटिलेटरची गोष्ट पहिल्या वाक्यात सांगा. फुंकर मारून करायच्या तपासणीत हवेच्या प्रवाहाचा आलेख निघतो. दम्यात त्याची उतरती बाजू खोलगट होते, पक्क्या अरुंद नळीत वरचं आणि खालचं अशी दोन्ही टोकं सपाट होतात. बऱ्याच ठिकाणी फक्त आकडे बघतात आणि आलेखाकडे नजरच जात नाही. ‘आलेखाचा आकार कसा आहे?’ असं विचारायला रुग्णाने संकोचू नये.

अशी जागा मागच्या उपचारांशिवायही तयार होते. तिशी ते पन्नाशीतल्या बायकांमध्ये, कुठलंही कारण सापडत नसताना, स्वरयंत्राच्या लगेच खाली अरुंदपणा येण्याचा एक आजार आहे. पुरुषांत तो जवळपास दिसतच नाही. या बायकांना वजन वाढलंय, वय झालंय, टेन्शन घेता, असं ऐकवलं जातं आणि निदान लांबत जातं. रक्तवाहिन्यांना सूज आणणाऱ्या काही आजारांत आणि क्षयातही श्वासमार्ग आक्रसतो. नाकातून वारंवार रक्ताच्या खपल्या पडणं, लघवीत दोष, जुना क्षय, यांतलं काही असेल तर तेही सांगावं.

नळी जाते, आणि मध्येच अडते

आता त्याहून दुर्मीळ आजारांकडे. एका आजारात श्वासनळीच्या समोरच्या आणि बाजूच्या भिंतींवर, अस्तराखाली, हाडासारख्या कडक गाठी उगवतात. मागची मऊ भिंत तेवढी सुटते. व्हिएन्नाच्या रोकितान्स्की यांनी १८५५ मध्ये त्याचं वर्णन केलं. ट्रॅकिओब्रॉन्कोपॅथिया ऑस्टिओकॉन्ड्रोप्लास्टिका हे त्याचं नाव उच्चारायला सोपं नाही, पण ते कागदावर लिहून ठेवा आणि तोच कागद दाखवा. बहुतेकांना त्याचा त्रास होत नाही. थोडा खोकला, कधी आवाज बसणं, एवढंच. मग तो उघडकीला येतो कधी? पुष्कळदा पित्ताशयाच्या किंवा हर्नियाच्या ऑपरेशनच्या टेबलावर. तोंड छान उघडतं, स्वरयंत्र स्वच्छ दिसतं, नळी स्वरपट्ट्यांमधून अलगद आत सरकते आणि दोन-तीन सेंटिमीटरवर थांबते. ती जरा फिरवून बघावी तर बोटांना खडबडीत काहीतरी लागतं. अनुभवी हात तिथे जोर लावत नाही. लहान मापाची नळी मागतो, लवचीक दुर्बिणीने आत काय आहे ते बघतो, किंवा नळी खाली नेण्याचा हट्ट सोडून स्वरयंत्राच्या वर बसणाऱ्या मास्कवर काम भागवतो. रुग्णाला भूल दिलेली असताना हे शोधून काढावं लागणं आणि ते आधीच ठाऊक असणं, यांत मोठा फरक आहे.

दुसरा आजार कूर्चेचाच. त्यात शरीरातल्या कूर्चा पुन्हापुन्हा सुजतात. कान लाल होऊन दुखतो, पण खालची मऊ पाळी सुजत नाही, कारण तिच्यात कूर्चा नसते. नाकाचा बांधा मध्ये बसतो, सांधे धरतात. रिलॅप्सिंग पॉलिकॉन्ड्रायटिस हे नाव त्याला १९६० मध्ये मिळालं. कानाच्या दुखण्यासाठी औषध घेणाऱ्या या रुग्णाला आपल्या श्वासनळीच्या कड्याही त्याच कूर्चेच्या आहेत, हे कुणी सांगितलेलं नसतं. गळ्यावर समोरून दाबल्यावर दुखणं आणि आवाज घोगरा होणं, ही श्वासनळीपर्यंत आजार पोचल्याची चिन्हं समजावीत. अशा नळीला दुर्बीण किंवा ट्यूब लागली तरी ती आणखी सुजू शकते. म्हणून आजार शांत असताना, औषधांचा डोस तज्ज्ञांशी बोलून ठरवूनच ऑपरेशनची तारीख घ्यावी.

कड्यांचा आधार गेला की श्वासनळी जुन्या सायकलच्या ट्यूबसारखी चपटी व्हायला लागते. श्वास सोडताना आणि खोकताना तर फारच. हे जन्मतः असतं, कूर्चेच्या आजाराने होतं, कधी वर्षानुवर्षं गळ्यावर बसलेल्या मोठ्या गलगंडाच्या दाबानेही होतं. अशा रुग्णात नळी घालणं सोपं, काढणं अवघड. नळी आत असते तोवर तिचाच आधार मिळतो. काढल्यावर रुग्ण खोकतो, आणि खोकल्यासरशी श्वासनळी मिटते. त्याला ऑपरेशननंतर तासभर नव्हे, रात्रभर देखरेखीखाली ठेवणं शहाणपणाचं, आणि मास्कमधून हलक्या दाबाने हवा देणारं यंत्र हाताशी असलं पाहिजे. सीटी स्कॅनला पाठवताना श्वास घेतलेला आणि सोडलेला अशा दोन्ही वेळची चित्रं मागून घ्या. नुसत्या भरल्या छातीच्या स्कॅनमध्ये मऊ नळी अगदी सरळसोट दिसते.

याच्या अगदी उलट आजार म्हणजे श्वासनळी प्रमाणाबाहेर रुंद असणं, तीन सेंटिमीटर किंवा त्याहूनही जास्त. फ्रान्सच्या मूनिए-कून यांनी १९३२ मध्ये तो नोंदवला. यात फुगा कितीही फुगवला तरी भिंतीला टेकत नाही, हवा बाजूने निसटते आणि पोटातलं वर आलं तर फुप्फुसात उतरायला वाट मोकळी असते. वारंवार न्यूमोनिया होणाऱ्या रुग्णाच्या फायलीत ‘श्वासनळी रुंद’ अशी ओळ असेल तर ती किरकोळ समजू नका.

शेवटचा उपाय इथे लागू पडेलच असं नाही

नळी जात नाही आणि मास्कनेही श्वास देता येत नाही, अशी वेळ आली तर गळ्यावर समोर, स्वरयंत्राच्या उंचवट्याखालच्या खळगीत छेद घेऊन तिथून नळी घालतात. ऑल इंडिया डिफिकल्ट एअरवे असोसिएशनच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांतही शेवटची पायरी हीच आहे. पण अडथळा त्या खळगीच्या खाली, छातीच्या दिशेला असेल तर वरून भोक पाडून काय उपयोग? जीव वाचवणारा जो उपाय इतर सगळ्या रुग्णांना हाताशी असतो, तोच या रुग्णाच्या बाबतीत हुकू शकतो. म्हणून यांची आखणी आधी व्हावी लागते, ऐन वेळी नाही. आणि म्हणूनच ‘छोटंसं ऑपरेशन आहे, जवळच करून टाकू’ हे यांना लागू नाही. ऑपरेशन छोटं असेल, भूल छोटी नाही.

शक्य असेल तिथे भाग बधिर करून किंवा कमरेत इंजेक्शन देऊन काम करता येतं का, ते विचारा. श्वासनळीला हात न लावता निभावलं तर सगळ्यांत उत्तम. मात्र ‘नुसतं गुंगीचं इंजेक्शन देऊ’ या वाक्याला भुलू नका. गुंगीत स्नायू सैल पडतात, श्वास उथळ होतो, आणि त्या वेळी बहुधा नळीची तयारी बाहेर काढलेलीही नसते. एमआरआय, पोटाची दुर्बीण, दातांचं काम, या सगळ्यांसाठी हेच. आदल्या रात्री झोप लागत नाही म्हणून घरातली झोपेची गोळी घेऊ नये. सपाट झोपल्यावर श्वास अडत असेल तर ते आवर्जून सांगा आणि किती उशा लागतात तेही.

पूर्ण भूल लागणारच असेल तर तुमच्यापुढे ठेवले जाणारे पर्याय ऐकून दचकू नका. जागेपणी नळी घालणं हा त्यांतला नेहमीचा. नाकात आणि घशात बधिर करणारा फवारा मारतात, जीभ आणि घसा जाड वाटायला लागतात, गिळताना आपण गिळलं की नाही ते कळत नाही. मग बारीक लवचीक दुर्बीण नाकातून खाली नेतात. जरा खोकला येतो. श्वास तुमचा तुम्हीच घेत असता, तेच यातलं मोठं संरक्षण. श्वासनळी फारच अरुंद असेल तर दुर्बिणीनेच उरलेली वाट बुजू शकते. मग आधी सरळ, ताठ दुर्बिणीतून ती जागा रुंद करणं, अरुंद जागेच्या खाली फक्त गळा बधिर करून ट्रॅकिओस्टॉमी करणं (म्हणजे गळ्यावर छेद घेऊन श्वासनळीत नळी बसवणं), बारीक नळीतून झोताने प्राणवायू देणं, असे मार्ग निवडावे लागतात. अगदी टोकाच्या वेळी रक्ताला शरीराबाहेर प्राणवायू देणारं इक्मो यंत्र मांडीच्या रक्तवाहिनीतून जोडायच्या तयारीत ठेवतात. यांतलं काय आपल्याकडे आहे आणि काय नाही, हे रुग्णालयाला सरळ विचारा. ‘आमच्याकडे नाही, मोठ्या ठिकाणी जा’ असं सांगणारा डॉक्टर तुम्हाला टाळत नसतो.

फायलीत काय हवं

नळीच्या मापांबद्दल थोडं कळलं की कागदाचं महत्त्व पटतं. ६ नंबरची नळी म्हणजे आतून सहा मिलिमीटर. बाहेरून ती आठच्या आसपास भरते. बायकांना साधारण ७ किंवा साडेसात नंबरची घालतात. आता श्वासनळी सात मिलिमीटरची असेल तर नेहमीची नळी जाणार नाही, हे गणित ऑपरेशनच्या आधी मांडता येतं. त्यासाठी अहवालात ‘श्वासनळी अरुंद’ एवढंच लिहून भागत नाही. स्वरपट्ट्यांपासून किती खाली, किती लांबीची आणि सगळ्यांत अरुंद जागी किती मिलिमीटर, हे तिन्ही आकडे हवेत. नसतील तर रेडिओलॉजिस्टकडून लिहून घ्या. स्कॅनची सीडी जपा, फिल्मचा फोटो पुरत नाही. स्कॅन जुना असेल आणि धाप वाढली असेल तर नवा करावा लागेल, त्याला कुरकुर करू नये. डिस्चार्ज कार्ड, मागच्या भुलीची नोंद, दुर्बिणीच्या तपासणीचा अहवाल, श्वासनळी उघडी ठेवायला आत स्टेंट किंवा टी-ट्यूब बसवली असेल तर तिचं माप, हे सगळं एका फायलीत, नव्यातलं नवं वर. भूलतज्ज्ञांना ऑपरेशनच्या सकाळी नव्हे, निदान आठवडाभर आधी भेटायची वेळ मागा.

अपघातात फायली बरोबर नसतात. म्हणून पाकिटात एक छोटं कार्ड आणि मोबाइलच्या लॉक स्क्रीनवर आपत्कालीन माहितीत तोच मजकूर ठेवावा. मजकूर असा काही असू द्या: ‘स्वरपट्ट्यांखाली ३ सेंमीवर श्वासनळी अरुंद, ६ मिमी. मागच्या भुलीत ४.५ नंबरची नळी दुर्बिणीवरून गेली. मोठी नळी ढकलू नये.’ हाच मजकूर डॉक्टरांकडून इंग्रजीतही लिहून घ्या, गाव सोडून बाहेर गेलात तर तोच वाचला जाईल. १०८ ला फोन करताना ‘दम लागलाय’ असं न म्हणता ‘श्वासनळी अरुंद आहे, गळ्यातून आवाज येतोय’ असं सांगा. गाडी येईपर्यंत रुग्णाला ज्या स्थितीत बरं वाटतंय तसंच बसू द्या. आडवं पाडायचा आग्रह अजिबात नको. भोवतीची गर्दी हटवा, पाणी पाजू नका.

गळ्यात ट्रॅकिओस्टॉमीची नळी असलेल्यांनी ती कोणत्या प्रकारची आणि कोणत्या मापाची ते पाठ ठेवावं. चांदीसारखी दिसणारी धातूची नळी आपल्याकडे अजून बरीच वापरात आहे. ती घरी धुवायला सोयीची, पण तिला व्हेंटिलेटरचा पाइप जोडता येत नाही, त्यामुळे भुलीआधी बदलावी लागते. श्वास अडला तर आधी आतली नळी काढून बघावी. पुष्कळदा तिथेच कफाचा गोळा वाळून बसलेला असतो. मग सक्शन, म्हणजे यंत्राने कफ ओढून काढणं. टी-ट्यूबवाल्यांनी सगळ्यांत आधी बाहेरचं बूच काढावं. हे घरातल्या किमान दोघांना करता आलं पाहिजे आणि ते रुग्णालयातून निघण्याआधी सिस्टरसमोर करून दाखवून यावं, नुसतं ऐकून नव्हे. कर्करोगामुळे स्वरयंत्रच काढलेल्या माणसाचा श्वास फक्त गळ्यातल्या भोकातून चालतो. त्याच्या नाकावर ऑक्सिजनचा मास्क लावून उपयोग नाही, तो गळ्यावरच धरायला सांगावा.

लहान मुलांच्या आईवडिलांनी जन्माच्या वेळची गोष्ट विसरू नये. मूल अपुऱ्या दिवसांचं होऊन व्हेंटिलेटरवर होतं का? अन्ननलिका आणि श्वासनळी जोडलेली होती म्हणून पहिल्या आठवड्यात ऑपरेशन झालं होतं का? अशा मुलांना पुढेही भुंकल्यासारखा खोकला येत राहतो, कारण ती जागा मऊच असते. काही बाळांच्या श्वासनळीच्या कड्या मागूनही बंद, पूर्ण गोल असतात. मग वयाच्या मापाची नळी स्वरयंत्रातून जाते आणि पुढे सरकत नाही. वर्षातून तीन-चारदा क्रूप (स्वरयंत्राला सूज येऊन भुंकल्यासारखा खोकला) होणाऱ्या मुलाची दुर्बिणीतून एकदा तपासणी करून घ्यावी, टॉन्सिलचं ऑपरेशन ठरवण्याआधी तर नक्कीच.

ऑपरेशन पार पडलं, घरी जायची परवानगी मिळाली, की बिलाच्या रांगेत उभं राहण्याआधी भूलतज्ज्ञांना गाठा आणि एक चिठ्ठी मागा. मास्कने श्वास देता आला का, नळी कोणत्या मापाची गेली, कशाच्या मदतीने आणि कितव्या प्रयत्नात, कुठे अडली, काढताना काय झालं. पाच ओळी पुरतात. सही, तारीख आणि त्यांचा फोन नंबर घ्या. पुढच्या दोन-तीन महिन्यांत आवाज बदलला किंवा जिन्यावर पूर्वीपेक्षा लवकर धाप लागायला लागली, तर तीच चिठ्ठी घेऊन परत जा.